धवलेरीचं नाव काय?

लग्नसराई सुरू झाली की आमच्या गटांच्या बैठकीला अर्ध्या बाया गैरहजर असतात. वहीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द, लग्न. तेव्हा आज बचत, व्याज, हप्ता सगळं बाजूला ठेवते आणि लग्नातल्याच एका बाईबद्दल बोलते. नवरीबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचं आहे ते जिच्यावाचून वारल्यांचं लग्न लागत नाही तिच्याबद्दल. धवलेरीबद्दल.

कासा, गंजाड, तलासरी इकडच्या बायांना धवलेरी म्हणजे काय हे सांगायला नको. पण हे भाषण छापून लांबच्या गटांकडेही जातं, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात वारल्यांचं लग्न पिढ्यान्‌पिढ्या बाईने लावलं आहे. भटजी नाही आणि पोथीही नाही. कुडाची भिंत शेणाने सारवतात, तिला गेरूचा हात देतात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिच्यावर लग्नचौक लिहितात. हो, 'लिहितात'. आपण चौक काढला असं म्हणत नाही, चौक लिहिला असं म्हणतो. ज्या बायांना शाळेची पायरी माहीत नव्हती त्यांच्या कामाला आपल्या भाषेत लिहिणं म्हणतात, हे मला कॉलेजात असताना लक्षात आलं आणि फार बरं वाटलं. चौकाच्या मधोमध पालघट देवी, दुसऱ्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. हे लिहिणं चालू असताना धवलेरी गाते. देवांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते, नारनदेवाला, हिमायला, धरतरीला, कणसरीला. हळदीपासून पुढचा एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. भगत असतो, वाजवणारे असतात, पाहुणे असतात, पण सगळ्यांना तिच्यासाठी थांबावं लागतं.

हे सगळं ती तोंडाने म्हणते. कागद नाही. आणि तोंडी गाणं कधीच पाढ्यासारखं म्हटलं जात नाही. ओळ तीच असते, पण गाणारी बाई तिला लांबवते, आखडते, विसरली तर तिथल्या तिथे नवी बसवते, सोबतच्या बाया उचलून धरतात. म्हणजे ती गाणारीही आहे आणि रचणारीही. शहरात या दोन कामांना दोन वेगळी नावं आहेत, गायिका आणि कवयित्री. आपल्याकडे एकच शब्द आहे.

हा शब्द किती जुना आहे ते सांगते. धवल, धवळ म्हणजे पांढरं, शुभ. धवळा म्हणजे लग्नात म्हणायचं मंगल गाणं. आपल्याच किनाऱ्यावर आगरी लोकांत लग्नात गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, ती गाते ते धवले. तलासरीच्या पलीकडे गुजरात लागला की तिथे धोळ नावाची गाणी आहेत, बायाच म्हणतात, आणि तोही शब्द धवल याच्यातूनच निघालेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही धवल हा गाण्याचा एक प्रकार म्हणून नोंदवला आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे. पंडितांनी गाण्याची जात लिहून ठेवली. ते गाणं गाणाऱ्या एकाही बाईचं नाव लिहिलं नाही.

अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. त्याच तेराव्या शतकात महदंबा नावाची बाई होऊन गेली. तिला महदाइसाही म्हणतात. लहानपणीच विधवा झालेली, चक्रधर स्वामींची शिष्या, महानुभाव पंथातली. सारखे प्रश्न विचारणारी म्हणून तिची ख्याती, आणि चक्रधरांना त्याचं कौतुक. चक्रधर गेल्यानंतर ही सगळी मंडळी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याजवळ राहिली. गोविंदप्रभू लहान मुलासारखे, कधी काय मनात येईल सांगता यायचं नाही. एकदा त्यांनी लग्नाचा हट्ट धरला. भक्तांनी लग्न मांडलं. आता लग्न म्हटलं की धवळे पाहिजेत. ते म्हणायला महदंबा पुढे झाली आणि तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे तिथेच रचून म्हटले. हेच ते 'धवळे', ज्यांच्यामुळे तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. बायांनो, मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची ओळख लग्नाच्या गाण्याने झाली आहे, आणि ती गाणी म्हणणारी विधवा होती. ज्या काळात विधवेची सावली मांडवात नको असायची त्या काळात. आजही कित्येक घरांत हळद लावायला विधवा बाईला बोलावत नाहीत. मी त्यापुढे काही बोलत नाही.

पण महदंबेचं नाव आपल्यापर्यंत आलं कसं? ती इतर बायांपेक्षा फार वेगळी गात असेल म्हणून नव्हे. तिच्या आजूबाजूला लिहिणारी माणसं होती म्हणून. म्हाइंभट नावाच्या माणसाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करायचं काम हाती घेतलं, ज्यांनी जे पाहिलं-ऐकलं ते त्यांच्याकडे जाऊन विचारून घेतलं, आणि त्यातून 'लीळाचरित्र' तयार झालं. त्यात महदंबेचे प्रश्न आहेत, तिचं बोलणं आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून शेकडो वर्षं मठांत जपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी अभ्यासकांनी उलगडली तेव्हा महदंबा बाकीच्या महाराष्ट्राला कळली. म्हणजे सहाशे वर्षं तिचं नाव पेटीत बंद होतं, पण होतं. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे.

जनाबाईचं नाव टिकलं ते वेगळ्या युक्तीने. तिने अभंगाच्या शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफलं, त्यामुळे ज्याने अभंग म्हटला त्याला तिचं नाव घ्यावंच लागलं. धवलेरीला ही सोय नाही. तिच्या गाण्यात देवाचं नाव येतं, नवरा-नवरीचं येतं, तिचं स्वतःचं येत नाही. लग्न दुसऱ्याचं आहे.

आणि खानदेशातली बहिणाबाई चौधरी आपल्या सगळ्यांना माहीत आहे, शाळेच्या पुस्तकातली. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी सुचायची. तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या एका नातलगाने ती कागदावर उतरवून ठेवली. १९५१ मध्ये ती वारली, पुस्तक निघालं १९५२ मध्ये. घरात कोणी उतरवून घेतलं नसतं तर ती गाणी तिच्याबरोबरच गेली असती. तिच्या शेजारच्या जात्यावर बसलेल्या बाईची गेलीच ना.

आमच्या गटातल्या तरुण मुली म्हणतात, परदेशात बायांना आधीपासूनच मोकळीक असेल. तसं नाही. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं, म्हणजे इकडे पेशवाई होती तेव्हाचं इंग्लंड घ्या. ॲन फोर्ड नावाची एक मुलगी उत्तम गायची, वाद्यं वाजवायची. तिला तिकीट लावून लोकांसमोर गायचं होतं. वडिलांना वाटलं, घराण्याची अब्रू जाईल. त्यांनी तिला पकडून घरी आणवलं. ती पुन्हा निसटली आणि १७६० मध्ये तिने लंडनमध्ये कार्यक्रम केलाच. पुढच्याच वर्षी पाण्याच्या ग्लासांवर बोटं फिरवून सूर काढायची विद्या शिकवणारी एक पुस्तिकाही तिने छापली. दुसरी एलिझाबेथ लिनली. बाथ गावची, सगळ्या देशात गाजलेला आवाज. १७७३ मध्ये शेरिडन नावाच्या नाटककाराशी तिचं लग्न झालं आणि नवऱ्याने सांगितलं, आता पैसे घेऊन लोकांसमोर गायचं नाही. मोठमोठ्या रकमा देऊ करणारे लोक दारात होते, घरात पैशाची चणचण होती, तरी नाही. आणि ज्या बाया गाणी रचायच्या त्यांच्यातल्या कित्येकींनी छापील पानावर स्वतःचं नाव न देता 'एका स्त्रीने रचलेलं' एवढंच छापू दिलं. भल्या घरच्या बाईने नाव मिरवू नये म्हणून.

आपल्या महाराष्ट्रातही पैसे घेऊन गाणाऱ्या बाईकडे लोक कसं बघायचे ते तुम्हांला माहीत आहे. गोव्याच्या मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर या केवढ्या मोठ्या गायिका, पण त्यांना तो मान झगडून मिळवावा लागला. हिराबाई बडोदेकरांनी १९२०च्या दशकात तिकीट लावून, प्रतिष्ठेने बसून गायला सुरुवात केली, त्याची आजही आठवण काढतात, कारण त्या काळी ते धाडस होतं.

आता धवलेरीकडे बघा. तिच्या गाण्यात लाजेचा प्रश्नच कधी आला नाही. ती भर मांडवात, सगळ्या पाड्यासमोर, पुरुषांसमोर, मोठ्याने गाते, आणि तिचं गाणं म्हणजेच विधी. तिला कोणी सांगत नाही की गप्प बस. उलट ती थांबली तर लग्न थांबतं. लंडनच्या ॲन फोर्डला जे मिळायला घरातून पळावं लागलं ते आपल्या पाड्यावरच्या म्हातारीला आपसूक मिळालेलं होतं. ॲन फोर्डचं मात्र नाव राहिलं. धवलेरीला मान मिळाला, नाव राहिलं नाही. मला वाटतं आपल्या बायांच्या इतिहासातली ही मोठी उलटी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कोणी नीट बघितलेलं नाही.

मान होता म्हणून सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. ज्या लग्नात ती गात होती त्या लग्नानेच माणूस गहाण पडत होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात लग्नाला पैसा लागला की सावकाराकडे, जमीनदाराकडे जायचं. त्याने कर्ज दिलं की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायला बांधली. याला लग्नगडी म्हणत. कर्ज कधी फिटायचं नाही, कारण हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि वाचता आपल्याला येत नाही. नवऱ्याबरोबर बायकोही गडी, आणि तिच्यावर काय काय गुदरायचं ते गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. गटात एकदा तरी वाचून घ्या, जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचा. १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मग मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि वेठबिगार, लग्नगडी बंद असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. पण लग्नगडी पद्धत मोडली ती मोडलीच.

कर्जाच्या भीतीने कित्येक जोडपी लग्न न लावताच संसार करत आणि पैसा जमला की मग लग्न लावत, कधी मुलं मोठी झाल्यावर. आजही आपल्याकडे असं होतं. पोरगं आईबापाच्या लग्नात नाचतं आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. तुमच्यापैकी कितीजणींनी गटातून लग्नासाठी कर्ज घेतलं आहे ते वहीत आहे. फरक एवढा की आता वही आपली आहे आणि वाचता आपल्याला येते.

ही वहीची गोष्ट सोडू नका, कारण पुढे जे झालं त्यात तिचाच संबंध आहे. १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाचे कलाकार सरकारच्या हस्तकला विभागाकडून आपल्या भागात आले. भिंतीवरचे चौक पाहून चकित झाले. ही कला कागदावर आली तर बाहेर जाईल, लोकांना चार पैसे मिळतील, असं त्यांना वाटलं. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. त्यांची आई लहानपणीच गेली होती आणि तेव्हापासून ते मातीत चित्रं काढत. बायांचं मानलं जाणारं हे काम त्यांनी मनापासून केलं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. फार मोठा माणूस, आपल्या तालुक्याचा अभिमान. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण कागदावर खाली सही करायला जागा असते. भिंतीवर नसते. चौक जोपर्यंत भिंतीवर होता तोपर्यंत तो सवाशिणींचा होता आणि कोणाचंच नाव नव्हतं. कागदावर आला, विकायला लागला, तेव्हा नावं आली आणि ती बहुतेक पुरुषांची आली. पिठाने चौक लिहिणाऱ्या बाया मागे राहिल्या. त्यांच्या शेजारी बसून गाणारी धवलेरी तर चित्रात आलीच नाही, कारण तिच्या कामाचा कागद होत नाही आणि ते भिंतीला टांगता येत नाही. आज हॉटेलात, विमानतळावर, कपबशीवर वारली चित्र आहे. त्या चित्राचं गाणं कुठे आहे असं कोणी विचारत नाही.

ते गाणं आता पाड्यावरही कमी होतंय. डीजे आला, त्याच्या आवाजात म्हातारीचा आवाज पोहोचत नाही. मंडप डेकोरेशनवाल्याला वेळेत मोकळं व्हायचं असतं. शिकलेल्या पोरांना भटजी बोलावला की लग्न नीट झालं असं वाटतं. आश्रमशाळेत राहिलेल्या मुली वर्षातून दोनदा घरी येतात, त्या कधी शिकणार? चौकाचं स्टिकर मिळतं, चिकटवलं की झालं. धवलेरी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत आणि मागे बसून ओळ उचलणाऱ्या बाया कमी होत आहेत. आधी नाव नव्हतं पण मान होता. आता मानही जायला लागला.

हे थांबवता येतं का ते मला माहीत नाही. पण लिहून ठेवता येतं. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या दोघांनी पुणे भागातून सुरुवात करून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाच्या वर ओव्या. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव, गावाचं नाव. आता त्यातल्या कित्येक मोबाईलवर ऐकायला मिळतात. जातं घरातून गेलं तरी त्या बायांची नावं गेली नाहीत.

म्हाताऱ्या बायांना नाव विचारलं की त्या हसतात. गाणं माझं नाही, देवीचं आहे, म्हणतात. त्यांचं म्हणणं मला कळतं. पण चौकही देवीचाच होता, आणि तरी शेवटी त्यावर नावं आलीच. तेव्हा खरी गाणारी कोण हे आपल्याकडे नोंदलेलं असू द्या.

कसं करायचं तेही सांगते, कारण आपण गटवाल्या बाया, नुसतं बोलून घरी जात नाही. आपल्या पाड्यावर कोण कोण धवलेरी आहे ते लिहा. तिचं पूर्ण नाव, तिचं माहेरचं गाव, ती कोणाकडून शिकली त्या बाईचं नाव, त्या बाईची बाई आठवत असेल तर तिचंही. कुठल्या कुठल्या पाड्यावर ती गायला जाते. तिच्याबरोबर ओळ उचलायला कोण बसतं. गाणं मोबाईलवर घ्यायचं असेल तर आधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर घेऊ नका. काही गाणी लग्नाच्या मांडवाबाहेर म्हणायची नसतात, त्यासाठी तिच्यामागे लागू नका. लग्न असेल तिथे जाऊन, तिच्या मागे बसून ऐका, हे जास्त बरं. घेतलेलं गाणं लगेच स्टेटसला टाकू नका. आणि गाणं ऐकायला बोलावलं तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो हे लक्षात ठेवा, गटाच्या खर्चातून द्या, तसा ठराव करा.

ज्या धवलेरी होकार देतील त्यांची नावं पुढच्या महिन्यात याच वेळेला मी रेडिओवरून वाचेन, गावानिशी. आणि हो, यासाठी वेगळी वही घाला. हिशेबाच्या वहीत लिहू नका, ती ऑडिटला जाते आणि लवकर परत येत नाही.